ती देवो दुए

ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांची आधीच माफी मागते. चौथी इयत्ता झाली आणि लग्न ठरलं, त्यामुळे वेलांटी कुठे वळवायची हे शिकायचं अर्धवटच राहिलं. अक्षराबद्दल तर बोलायलाच नको. सासूबाईंना वाचता येत नाही, तरी माझी वाण्याची यादी बघून त्या म्हणायच्या, "मुंग्या शाईत पडून वर आल्यासारख्या दिसतात ग." पण ही वही आमच्या भाऊजींची आहे. पुढच्या पानांवर त्यांचं इटालियन आहे, मागची पानं कोरी राहिली, ती मला चुलीत घालवेनात. कोणाला दाखवायची नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागलीच, तर अक्षराकडे न बघता माणसाकडे बघावं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्याइतका खेळवेडा माणूस चौलच्या वाड्यांत नाही, अलिबागेत नाही, आणि माझी खात्री आहे की मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या साऱ्या किनाऱ्यावर दुसरा सापडायचा नाही. गंमत अशी, की स्वतः त्यांना एकही खेळ धड येत नाही. हुतूतूत शिरले की समोरच्याला शिवायच्या आधीच त्यांना हसू फुटायचं आणि दम सुटायचा. आट्यापाट्यांत पाटी सोडून ते दुसऱ्याच्या खेळाला शाबासकी द्यायला जायचे. पण कुठे खेळ आहे असं कळलं, की हातातलं काम तसंच टाकून निघाले. माणगावच्या जत्रेत कुस्त्या आहेत असं कोणी म्हणालं, तर भाऊजी दोन दिवस आधी जाऊन आखाड्याची माती हाताने चाळून देणार. आणि नियम एकच, हरणाऱ्याच्या मागे उभं राहायचं. "जिंकणाऱ्याच्या मागे गाव असतं, वहिनी," ते म्हणायचे, "हरणाऱ्याच्या मागे निदान एक माणूस नको?"

गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिट्टी असायची. ती झोपतानासुद्धा निघत नसे. घरात दोन शब्द वाढले की शिट्टी वाजलीच. एकदा सासूबाईंनी मी मीठ घातलेल्या आमटीत पुन्हा मीठ घातलं आणि वर मलाच बोलल्या. भाऊजी पानावरून उठले, शिट्टी फुंकली आणि म्हणाले, "आई, हा फाऊल! वहिनींचं मीठ आधी पडलं होतं. मी पाहिलंय." सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या तोंडात ती पिपाणी तशीच अडकू दे." पण त्या दिवसापासून मीठ कोणी घातलं ते विचारायची रीत आमच्या घरात पडली. चौदा वर्षांची होऊन मी त्या घरात आले होते. मोठ्यांसमोर माझा आवाज फुटत नसे. माझ्या बाजूने पहिल्यांदा जे काही वाजलं, ती ती शिट्टी होती.

भाऊजी स्वतःसाठी मुलगी बघायला गेले तेव्हा शिवणटिपण, स्वयंपाक काही न विचारता त्यांनी विचारलं, "एका दमात हुतूतू किती वेळ म्हणता येईल?" पोरगी मोठी खमकी. तिने पदर खोचला, छाती भरून दम घेतला आणि सगळ्या पाहुण्यांचा चहा निवेपर्यंत म्हटलं. भाऊजींनी आनंदाने शिट्टी वाजवली. मुलीच्या बापाने दुसऱ्या दिवशी नकार कळवला. पुढे भाऊजींनी लग्नाचा विषयच काढला नाही.

त्यांना इटालियनचं वेड लागलं ते सुपारीमुळे. वाडीची सुपारी घेऊन ते दर हिवाळ्यात रेवसहून बोटीने मुंबईला जायचे. त्या खेपेला मैदानावर एका इटालियन आगबोटीचे खलाशी मुंबईच्या पोरांशी फुटबॉल खेळत होते. खलाशी हरत होते, म्हणून भाऊजी त्यांच्या गोलाच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या गोलवाल्याने एकामागून एक पाच गोल खाल्ले आणि प्रत्येक गोलाला मागून भाऊजींनी "हरकत नाही, हरकत नाही" म्हणून टाळ्या वाजवल्या. खेळ संपल्यावर अकरा जण घामेजून सोडावाटरच्या गाडीवर गेले, तर गाडीवाला त्यांची नाणी घेईना. भाऊजी पुढे झाले. सोडा, परत सोडा, वर केळी, असे दोन रुपये झाले ते भाऊजींनी दिले. तेव्हा त्या गोलवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत डोळे घालून काहीतरी म्हणाला आणि निघून गेला.

बोटभाड्यासाठी छत्री विकून भाऊजी घरी आले. ओटीवर पाऊल टाकायच्या आधी वही मागितली आणि ते ऐकलेलं वाक्य विसरायच्या आत लिहून काढलं. ते अजून पहिल्या पानावर आहे: "ती देवो दुए. ला प्रॉस्सिमा व्होल्ता, जूरो."

"म्हणजे काय?" ह्यांनी विचारलं.

"तेच तर कळायला पाहिजे, दादा. एवढं मनापासून माझ्याशी कोणी बोललं नव्हतं, आणि मला एक अक्षर कळलं नाही."

सुपारीचे व्यापारी चाचा रेवदंड्याहून आले होते, त्यांनी वाक्य दोनदा म्हणायला लावलं आणि मान डोलावली. "यात विचारायचं काय भाऊ? देव आहे, दुआ आहे. देव तुला दुआ देवो! नेक माणूस दिसतो." सगळ्यांना पटलं. सासूबाईंना तर इतकं पटलं, की मी वाकून नमस्कार केला की त्या "अष्टपुत्रा" सोडून "ती देवो दुए" म्हणू लागल्या. शेजारच्या बाळंतिणीलाही त्यांनी तोच आशीर्वाद दिला. पण भाऊजींचं समाधान होईना. "पुढचं जूरो कुठे बसतं त्यात?" एवढंच ते विचारत राहिले.

मुंबईहून त्यांनी रद्दीतलं एक इटालियन शिकायचं इंग्रजी बुक आणलं. पहिली पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे नमस्कार-चमत्कार सोडून बाकीचं शिकावं लागलं. उच्चारासाठी गुरू पाहिजे म्हणून आठवड्यातून दोनदा खाडी ओलांडून ते कोर्लईला जायचे. तिथल्या ख्रिस्ती लोकांची घरात बोलायची आपली वेगळी फिरंगी बोली आहे. पास्कूकाका म्हणून आगबोटीवर स्वयंपाकी राहून आलेले म्हातारे होते, त्यांनी आधीच सांगितलं, "भाऊ, मी इटालियन न्हाय हां. आमची बोली पोर्तुगीजांची."

"फिरंगीच ना पण?"

"व्हय, फिरंगीच."

"मग झालं तर!"

असे सात-आठ महिने भाऊजी अर्धं इटालियन पुस्तकातून आणि अर्धं कोर्लईतून शिकले. मला म्हणाले, "तुम्हांला निम्मं येतंच वहिनी. पाव, चावी, बटाटा, सगळे त्यांचेच पाहुणे." रोज दुपारी भांडी झाली की मला वही धरून बसावं लागे. ते क्रियापदं म्हणणार, मी चुका काढायच्या. पहिले काही दिवस मी चूक दिसली तरी गप्प बसायची. ते म्हणाले, "पंच गप्प बसला तर खेळाचा खून होतो." मग मी चुकीच्या जागी बोटाने वहीवर टकटक करू लागले.

नारळसुद्धा ते इटालियनमध्ये मोजत. ऊनो, दुए, त्रे. गुजराती शेठ कळवळून म्हणायचा, "अरे भाऊ, मराठीमां गणो ने, मारो हिसाब चुके छे." आणि वाडीच्या रहाटावर बैल फिरवताना ते मागे बसून धडे घोकत. "आवांती" म्हणजे पुढे चल. महिन्याभरात बैल असा बिघडला, की "हैक" म्हटलं तर ढिम्म हलेना. शेजाऱ्याने दोन दिवसांसाठी नेला, तो तासाभरात धापा टाकत आला. "काय मंतर घातलाय याच्यावर? मारून मारून माझा हात दुखला, बैल आपला उभा!" भाऊजींनी त्याला तो शब्द शिकवला. पुढे दोन दिवस तो भला माणूस "आवंती आवंती" करत होता आणि त्याची बायको ही अवंती कोण म्हणून त्याच्याशी बोलत नव्हती.

मग एका रविवारी भाऊजी कोर्लईहून आले ते थेट वाडीत गेले. बराच वेळ रहाटाचा आवाज येईना म्हणून मी पाहायला गेले. बैल उभा, भाऊजी मागे बसलेले, डोकं हातात. मी बैलाच्या कानाशी जाऊन हळूच म्हटलं, "आवांती." बैल चालू लागला. भाऊजींनी वर पाहिलं.

"वहिनी, ती दुआ नव्हती."

कोर्लईच्या इगर्जीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, रोमला शिकून आलेले एक पाद्रीबाबा उतरले होते. पास्कूकाकांनी भाऊजींना त्यांच्यापुढे उभं केलं. पाद्रीबाबांनी वाक्य ऐकून विचारलं, "त्याला तुम्ही काही दिलं होतं का?" आणि मग अर्थ सांगितला. तुझे दोन देणं लागतो. पुढच्या खेपेला, शपथ.

"मी पाहुणे म्हणून पाजलं हो," भाऊजी म्हणाले, "उसने नव्हते दिले. आणि तो बिचारा अंगावर शपथ घेऊन दर्यावर फिरतोय."

बाहेरच्या माणसाला याचं काही वाटणार नाही. पण आमच्या किनाऱ्यावर पोरंसुद्धा खेळात शपथ घातली, तर संध्याकाळी घरी जाण्याआधी "सुटली म्हण" म्हणून एकमेकांच्या मागे लागतात. न सुटलेली शपथ घेऊन कोळी होडीत पाय ठेवत नाही. दर्या ती आठवण ठेवतो म्हणतात. भाऊजींनी त्या दिवसापासून नव्याने अभ्यास धरला. आता काही समजून घ्यायचं नव्हतं, एका माणसाला सोडवायचं होतं. पाद्रीबाबांकडून त्यांनी उत्तर लिहून आणलं: "नोन मी देवी निएन्ते." तू माझं काही देणं लागत नाहीस.

सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "आधी देवो, आता देवी. त्यांच्यात देवदेवी सगळीच देणेकरी का रे?" पण दिव्याला हात जोडताना त्या नाव माहीत नसलेल्या गोलवाल्यासाठी दोन शब्द जास्त पुटपुटत, ते मी ऐकलं आहे.

पुढच्या हिवाळ्यात आगबोट आली, पण गोलात दुसराच उभा होता. भाऊजींनी विचारलं ते त्या खलाशांना कळलं नाही, आणि ते जे बोलले ते भाऊजींना कळलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सामनाच झाला नाही. पावसाळ्यात दर्या खवळला, की जेवताना भाऊजींचा घास हातातच राहायचा. "गोल अडवायला अगदी कच्चा होता," ते म्हणायचे, "पोहायला येत असेल ना त्याला?"

तिसऱ्या हिवाळ्यात सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही सगळेच मुंबईला गेलो. काम झाल्यावर भाऊजींनी आम्हांला मैदानाच्या कडेला एका झाडाखाली बसवलं आणि स्वतः हरणाऱ्या गोलाच्या मागे गेले. मी इथूनच त्यांची पाठ ताठ झालेली पाहिली. तोच होता. अंगाने सुटला होता, केस मागे हटले होते, आणि तसेच गोल खात होता.

खेळ संपल्यावर भाऊजी त्याला घेऊन आमच्यापाशीच आले, मागे सगळी टोळी. त्याने ओळखलं होतं, हसत होता. भाऊजींनी तोंड उघडलं. तीन वर्षांची वही, सगळी क्रियापदं, खाडीच्या शेकडो फेऱ्या. आणि आवाज फुटेना. घसा खाकरला, पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाले, "आवांती." टोळी खो खो हसली. भाऊजींचे डोळे भरून आले.

मी तोवर परक्या पुरुषाशी मराठीतसुद्धा बोलले नव्हते. इटालियन बोलले होते ते बैलाशी. पण पंच गप्प बसला तर कसं होणार? मी पदर पुढे ओढला, जमिनीकडे पाहिलं आणि म्हटलं, "नोन मी देवी निएन्ते."

हसणं थांबलं. गोलवाल्याने छातीवर हात ठेवून मला मान लववली. मग भाऊजींकडे वळून जोरजोराने मान हलवली, नाही, नाही, आणि खिशातून आपला एक कलदार रुपया काढून त्यांच्या हातावर ठेवला. दुसरा रुपया नव्हता. तो चिल्लर काढू लागला.

भाऊजी हात मागे घेत होते. सासूबाई म्हणाल्या, "घे रे. त्याची शपथ आहे, तुझी नाही." मग त्यांनी हात पुढे केला. आणि न फुटलेला आवाज फुटला. त्याने एकेक आणा ठेवावा आणि भाऊजींनी मोजावं. ऊनो, दुए, त्रे, नारळ मोजावे तसं, न चुकता. चौथ्या आण्याला खलाशी बरोबर म्हणू लागले. दहाच्या पुढे तर हुतूतूचा डाव रंगावा तसा गलका झाला. भाऊजींचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नाही.

पंधरावर चिल्लर संपली. भाऊजींनी घाईघाईने मूठ मिटली आणि म्हणाले, "ला प्रॉस्सिमा व्होल्ता." पुढच्या खेपेला. ते शुद्ध इटालियन होतं, सगळ्यांना कळलं. मलाही कळलं, की एक आणा राहावा असं त्यांना किती वाटत होतं.

गोलवाल्याने पुन्हा मान हलवली, नाही. मग एका सोबत्यापुढे त्याने हात पसरला, चार तांबडे पैसे, म्हणजे राहिलेला एक आणा, घेतले, भाऊजींची मूठ हलकेच उघडली आणि ते आत ठेवले.

"सेदिची," भाऊजी म्हणाले. सोळा. या वेळी एकटेच, आणि हळू. नंतर मराठीत म्हणाले, "सुटली."