चौथी सूचना

आईची नक्कल झाली तेव्हा वर्गात सर्वांत मोठ्याने मी हसलो होतो. चाळीसहून अधिक वर्षे ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. पत्नीलाही नाही.

मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावातली दोन खोल्यांची शाळा. गावाला भातशेती होती. आमची वाडी ओढ्यापलीकडे, अकरा झोपड्यांची. तिला शेत नव्हते. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात लावणी, दिवाळीनंतर वीटभट्टी. मी तिसरीत होतो. एके दिवशी पाटी घरी विसरलो. आई ती पदराखाली धरून शाळेत आली आणि उंबरठ्याबाहेर उभी राहिली.

"गुरुजी, माजे पोराची पाटी ऱ्हायली. द्याल का त्याला?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. डोक्यावर पदर असल्यासारखा एक हात वर धरला, कमरेत वाकले आणि तिचे वाक्य तिच्याच आवाजात पुन्हा म्हटले. सगळा वर्ग हसला. मग गुरुजींनी माझ्याकडे पाहिले.

"काय रे, तुझीच ना ही?"

मी हसलो. इतक्या मोठ्याने की पुढच्या रांगेतली मुले वळून पाहू लागली.

आईने पाटी उंबरठ्यावर ठेवली आणि ती गेली. संध्याकाळी तिने एवढेच विचारले, "गुरुजी काय बोलला रे? मना नाय समजला."

"काय नाय," मी म्हणालो.

तिला समजले होते. चौथीत माझा पहिला नंबर आला आणि शाळेने पालकांना बोलावले, तेव्हा ती रानात लाकडे आणायला गेली. घरात लाकडे होती.

अपमान आईचा झाला होता. शिक्षा मात्र मी तिच्या बोलीला दिली. तिचा एकेक शब्द जिभेवरून खरवडून काढला. रेडिओवरच्या बातम्या ऐकून, आरशासमोर उभा राहून, पुस्तके मोठ्याने वाचून. शिक्षक झालो. शहापूरला एका प्रशिक्षणात शेजारच्या बाईंनी विचारले, "सर, तुम्ही मूळचे पुण्याचे का?" मी नाही म्हटले नाही. नुसता हसलो. हसून वेळ मारून नेण्याची माझी सवय तिसरीपासूनची.

आसनगावला फ्लॅट घेतला, तेव्हा वडील राहिले नव्हते. आईला तिथे आणले. माझी मुलगी लहान होती. आई तिला मांडीवर घेऊन खेकड्याची गोष्ट सांगायची. बिळातून बाहेर येणारा, नांगा उगारणारा, ओढ्याला दम देणारा खेकडा. मुलगी खदखदून हसायची आणि तीच गोष्ट तशीच्या तशी तिच्या इंग्रजी शाळेत जाऊन सांगायची. एकदा तिच्या वहीत बाईंचा शेरा आला: घरची भाषा सुधारावी.

त्या संध्याकाळी मी आईला म्हणालो, "आये, तिच्यासमोर जरा कमी बोलत जा."

"बरा," ती म्हणाली.

वाद नाही, रुसणे नाही. फक्त "बरा". त्यानंतर ती सात वर्षे जगली. गॅलरीत कबुतरांना तांदूळ टाकताना तिचा आवाज ऐकू यायचा. आम्ही आत आलो की थांबायचा.

शिक्षक म्हणून माझे नाव चांगले होते. माझी शाळा उंबरमाळीकडच्या डोंगरात. निम्मी मुले गावातली, निम्मी वाडीवरची. पालकांना मुले कशी वाढवावीत हे कळत नाही, असे माझे ठाम मत होते. म्हणून मी एक पत्रक तयार केले, ‘पालकांसाठी दहा सूचना’. मुलांना वेळेवर झोपवावे. मोबाइल हातात देऊ नये. घरकाम करताना वस्तू मोजायला सांगाव्यात. रोज पंधरा मिनिटे त्यांच्याजवळ बसावे. यात वाईट काही नव्हते. चौथी सूचना अशी होती: ‘घरी मुलांशी शुद्ध भाषेत बोलावे. जमत नसल्यास मुलांसमोर कमी बोलावे.’

आईला जे सांगितले, तेच मी छापले.

प्रशिक्षणात नेमके उलट शिकवले होते. मुलाची घरची भाषा हेच त्याचे पहिले साहित्य, तिच्यावरच पुढचे शिक्षण उभे राहते, असे सांगितले होते. सुवाच्य अक्षरात मी ते वहीत उतरवूनही घेतले होते. वही कपाटात ठेवली आणि पत्रक भिंतीवर लावले. आमच्या केंद्रातल्या आसपासच्या शाळांनी ते मागून नेले. वॉट्सअ‍ॅपवर फिरले. एका तरुण शिक्षकाने मला एकदा विचारले, "सर, ही चौथी सूचना जरा कडक नाही का?" मी म्हणालो, "वरून आलीय हो."

वरून काहीच आले नव्हते.

वाडीवरच्या पालकांना वाचता येत नाही, म्हणून मी मुलांना सांगितले, पत्रक घरी नेऊन आईवडिलांना वाचून दाखवा. मला ही युक्ती फार चांगली वाटली होती. वाचनाचा सरावही होईल आणि सूचनाही पोहोचतील. दुसरीतल्या वनितानेही ते घरी नेले.

वनिता पहिलीत असताना तिला गप्प करणे कठीण असायचे. कोंबडीने कुठे अंडी घातली, मोहाची फुले वेचताना कोणाला मुंगळा चावला, सगळे शाळेत यायचे. दुसरीत ती मान हलवून उत्तरे देऊ लागली. पुढे मानही हलेना. मी तिच्या नोंदीत लिहिले, ‘अबोल. पालकांनी घरी संवाद वाढवावा.’ लिहिताना माझा हात अडखळला नाही, याचा आज मला सर्वांत जास्त संताप येतो.

लावणी उरकल्यावर पालकसभा झाली. गावातले पालक सतरंजीवर बसले. वनिताची आई हिराबाई दाराशी बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. शाळा समितीचे अध्यक्ष आप्पा माझ्याशेजारी खुर्चीवर होते. त्यांच्याच शेतात हिराबाईने आठवडाभर लावणी केली होती.

मी सर्वांसमोर विचारले, "हिराबाई, तुम्ही मुलीशी घरी बोलता की नाही? पालकांचे काही कर्तव्य असते."

ती खाली पाहत म्हणाली, "नाय बोलत, गुरुजी."

लोक हसले. आप्पा म्हणाले, "मग कोंबड्यांशी बोलतेस काय गो?"

"कोंबड्यांशी बोलते, आप्पा. त्यांना साळंत नाय जायाचा." पुन्हा हशा. ती हसली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमीच लिवून दिलाय ना, गुरुजी? पोरीनंच वाचून दाखवला. चांगला बोलता येत नसंल तर कमी बोला. मना तसा बोलता नाय येत. पोरीची जीभ माज्यापायी बिगडू नये, म्हून मी गप. आदी निजताना गोष्ट सांगायची तिला. आता नुसती थोपटते."

मी काही बोलण्याआधीच आप्पांनी डोक्यावर पदर असल्यासारखा एक हात धरला, खुर्चीतच वाकले आणि बारीक आवाज काढला.

"मना नाय येत, म्हून मी गप!"

सभा खळाळून हसली. खिडकीचे गज धरून मुले बाहेर उभी होती. त्यात वनिता होती. तिने आधी आईकडे पाहिले, मग हसणाऱ्या माणसांकडे. आणि तिचे ओठ हळूहळू फाकले. ती हसायला लागली होती.

ते हसू माझे होते. मी ते ओळखले. त्या हसण्यानंतर माणूस किती दूर जातो आणि आई किती गप्प होते, हे त्या सभेत फक्त मला ठाऊक होते.

"आप्पा, पुरे," मी म्हणालो.

"अहो गुरुजी, गंमत केली. रागावता काय? सूचना तर तुमच्याच भिंतीवर आहे. वरूनच आलीय ना ती?"

त्यांनी मला सुटण्याची वाट दिली होती. हो म्हणायचे, चहा मागवायचा, पुढचा विषय घ्यायचा. इतकी वर्षे हेच केले होते.

पुढचे सांगण्याआधी एक स्पष्ट करतो. त्या दिवसानंतर सगळे नीट झाले, असे नाही. वनिता आज शाळेत दोन-चार वाक्ये बोलते, तीही दाराकडे पाहत. हिराबाईने मला क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. तिने तसे म्हटलेले नाही आणि मी विचारणार नाही. आप्पा माझ्याशी कामापुरते बोलतात. पत्रक अजून फिरते आहे. दोन शाळांत जाऊन मी ते स्वतः भिंतीवरून उतरवले. तिसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या हो सर, चांगलेच तर आहे." त्या शाळेत मी पुन्हा जाणार आहे. ते काढेपर्यंत जात राहणार आहे. आणि माझी आई आता कुठेच नाही, जिच्यासमोर जाऊन मला हे आधी म्हणायला हवे होते.

मी खुर्चीवरून उठलो. भिंतीवरचे पत्रक काढले आणि सर्वांसमोर फाडले. "ही चौथी सूचना वरून आलेली नाही. मी लिहिली," म्हणालो. मग चपला काढल्या आणि दाराशी, उंबरठ्यावर, हिराबाईसमोर खाली बसलो. वनितालाही जवळ बोलावले. तोंड उघडले तेव्हा चाळीस वर्षे ज्या भाषेला बाहेर काढून ठेवले होते, ती कुठे गेलीच नव्हती.

"हिराबाई, चुकला माजा. तुमची भाषा माजे आयेची हाय. तिला मी गप केला, ती तशीच मेली. मंग तुमाला पन गप केला. मना माफी पायजे, पन तुमी दिलीच पायजे असा नाय. वनिते, तू ऐक. मी तुज्यायेवडा होतो, तवा माजे आयेला हसलो. तू नको हसू गो. आन आप्पा, तुमी पन ऐका. या साळंत आता कंच्याच आयेला कोनी हसायचा नाय. हसला, तर आदी मना हसावा लागंल, कारन मी पन असाच बोलतो."