तिसऱ्या अंकातली मागणी

१४ नोव्हेंबर १८९४, बुधवार. दिवसभर धुकं. थिएटरात सोळा झालरी शिवल्या. तिसऱ्या अंकात मिस्टर लॅन्सिंग वाक्य विसरले आणि भलतंच बोलले. लोक फार हसले. मिस प्रॉक्टर घरी येऊन न जेवताच वर गेल्या.

त्या दिवशी एवढंच लिहिलं, कारण बाकीचं मला नंतर कळलं.

लॅव्हिनिया प्रॉक्टर अकरा वर्षं माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होत्या. मी थिएटरात शिवणकाम करायची, त्या तिथेच नट्यांना पोशाख चढवायच्या. वय एक्केचाळीस. नवरीचा पोशाख अंगावर चढवून पाठीची सव्वीस बटणं मिनिटभरात लावणारी बाई लंडनमध्ये दुसरी नसेल. रोज एक नवरी त्यांच्या हातून तयार व्हायची. त्यांना स्वतःला कोणी विचारलं नव्हतं.

नाटक विनोदी होतं. त्यात प्रेम म्हणजे मुलीच्या आईने केलेली उत्पन्नाची चौकशी, आणि लग्न म्हणजे शेवटचा पडदा. नायक गुडघे टेकायच्या आधी पँट मळू नये म्हणून रुमाल पसरायचा. समोर प्रेक्षकांत बसलेली नवराबायको एकमेकांकडे न बघता हसायची.

पडद्याआडून वाक्यं पुरवायचं काम मिस्टर फेन यांचं. पन्नाशीचे विधुर. वीस वर्षं इतरांच्या लग्नाच्या मागण्या दबक्या आवाजात पुरवल्यामुळे त्यांचा मूळ आवाज कोणाला ठाऊक नव्हता. नवरीचा पोशाख हातावर घेऊन मिस प्रॉक्टर त्यांच्या शेजारीच उभ्या राहायच्या. त्या बुधवारी फेननी धीर केला. त्याच दबक्या आवाजात ते त्यांना म्हणाले, "माझ्याकडे दोन खोल्या आहेत, आणि माझे गुडघे दुखतात. याल का?"

नेमके तेव्हाच स्टेजवर गुडघे टेकलेले लॅन्सिंग पुढचं वाक्य विसरून कान देऊन बसले होते. त्यांनी ते झेललं आणि एकोणीस वर्षांच्या नायिकेला छातीवर हात ठेवून ऐकवलं. थिएटर हसून हसून लोळलं.

मॅनेजर हॅव्हरिल खूश झाले. "फेन, उद्यापासून हेच. नाटकाच्या वहीत लिहून घ्या." फेननी मान खाली घालून लिहून घेतलं.

मग दहा दिवस आठशे माणसं रोज त्या मागणीला हसली. फेन मिस प्रॉक्टरांकडे बघेनासे झाले.

"अहो, हो म्हणून टाका ना," मी म्हटलं.

"कुणाला म्हणू? लॅन्सिंगना?" त्या म्हणाल्या. "आता फेननी पुन्हा विचारलं, तर ते त्यांचं की वहीतलं, मला कसं कळायचं?"

शनिवारी त्या हॅव्हरिलसमोर उभ्या राहिल्या. मी तिथेच घेराला टाचण्या लावत होते.

"ते वाक्य काढा."

"बाई, सगळ्या नाटकात लोक तेवढ्यालाच पोट धरून हसतात."

"ते मला म्हटलेलं आहे."

"कोणी, फेननी?" हॅव्हरिलना हसू आवरेना. "मग तर जाहिरातीत छापतो!"

"खुशाल छापा. आणि आजपासून बटणं तुम्ही लावा. सव्वीस आहेत."

हॅव्हरिलनी पोशाखाकडे पाहिलं, मग स्वतःच्या जाडजूड बोटांकडे. "काढा," ते म्हणाले.

फेननी पट्टी ठेवून वाक्य खोडलं. त्या खेळाला लॅन्सिंगनी जुनंच वाक्य म्हटलं. लोक बेताचे हसले. फेननी वही मिटून काखेत धरली आणि चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "याल का?" पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं असावं. लॅन्सिंगनी या खेपेला तोंड मिटून ठेवलं.

मिस प्रॉक्टरांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या. "गुडघ्यांना काय चोळता?"

"टर्पेंटाइन."

"घाण वास येतो त्याचा. बंद करायचं."

"बरं," फेन म्हणाले.

१२ जानेवारीला सकाळी लग्न झालं. दुपारी खेळ होता, म्हणून दोघंही चर्चमधून थेट कामावर आली. नवरीने तपकिरी लोकरी झगा घातला होता, पुढून बटणांचा. तिची पेटी मी आणि शेजारच्या बाईंनी मिळून जिन्यावरून खाली उतरवली.

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं: वरच्या खोलीतल्या चादरी भिजत घातल्या. साबण संपत आला आहे.