पंतप्रधानबाईंची जागा

हिल्डा क्रॅडॉक काही मोठी बाई नव्हे. डाउनिंग स्ट्रीटवरच्या दहा नंबरच्या घरात ती चहा करायची, एवढंच. पण पंतप्रधान येत, जात, आणि हिल्डाची किटली तिथंच राही. त्यामुळे देशाचा गाडा थोडासा आपल्याही जिवावर चाललाय, असं तिला मनातून वाटायचं. वाटू दे की! दिवसभर राबणाऱ्या माणसानं तेवढीही चैन करू नये?

तिथल्या लँबर्ट नावाच्या म्हाताऱ्या शिपायानं तिला एकदा गंमत सांगितली होती.

"दारावरच्या पत्रपेटीचं पितळी झाकण बघ. पंतप्रधान असं लिहिलंय का कुठं? खजिन्याचे पहिले लॉर्ड, असं लिहिलंय. अगं, पंतप्रधान ही मुळात शिवी होती! राजाच्या पुढंपुढं करून बाकीच्या मंत्र्यांवर दादागिरी करील, त्याला पार्लमेंटात तसं हिणवायचे. ज्याला पहिल्यांदा ती चिकटली, तो बिचारा कानांवर हात ठेवायचा. म्हणे, मी कसला प्रधान! कायद्यात तो शब्द यायला पुढं किती पिढ्या गेल्या."

हिल्डानं घरी जाऊन हे नवऱ्याला सांगितलं, आणि झालं! सिरिलच्या हाती कोलीतच मिळालं. सिरिल बसवर कंडक्टर होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. त्या दिवसापासून त्यानं तिला नावानं हाक मारणंच सोडलं. "पंतप्रधानबाई, आज मंत्रिमंडळानं बटाटे उकडायचे ठरवलंय की तळायचे?" "पंतप्रधानबाई, पाय जरा तिकडं घ्या, पांघरूण जनतेचंही आहे." ती चिडायची, फडकं फेकून मारायची. पण बाजारात कुणी विचारलंच, तर स्वतःच हसत सांगायची, "आमचे हे मला शिवी देतात बरं का!"

सिरिलच्या निवृत्तीचा दिवस ठरला. शुक्रवार होता. शेवटची फेरी दुपारची. त्यानं बायकोकडे एकच गोष्ट मागितली.

"त्या फेरीला तू माझ्या बसमध्ये बस. पेकमच्या डेपोपर्यंत. तिकीट माझ्याकडून."

"अरे, येणार म्हणजे येणार. शप्पथ!"

आता नशीब बघा. आदल्याच दिवशी निवडणूक. आहे तेच सरकार राहणार, असं जो तो म्हणत होता, त्यामुळे हिल्डा निर्धास्त होती. सकाळी रेडिओ लावला तर सरकार पडलेलं!

त्या घरातली रीत अशी, की हरलेला पंतप्रधान निघाला की स्वयंपाक्यापासून सचिवांपर्यंत सगळे कामवाले ओळीनं उभे राहून टाळ्या वाजवतात, दारापर्यंत. मग डोळे पुसायचे, आणि त्याच ओळीत उभं राहून नव्यासाठी वाजवायच्या. हिल्डाचा त्यात फार जीव. तिच्यावर कुणाची सक्ती नव्हती, हे मात्र लक्षात ठेवा. तिच्या वरच्या हुद्द्याची बाई तर म्हणाली, "हिल्डा, तू निघ. तुझा नवरा वाट बघत असेल."

"निघतेच. एवढ्या टाळ्या झाल्या की."

जाणारे साहेब निघता निघेनात. एकेकाचा हात हातात घेत होते. हिल्डापाशी आले तेव्हा म्हणाले, "तुमच्या चहाची आठवण येईल." बाई पाघळली. ते गेले, आणि तिच्या मनात आलं, नवीन माणूस येईल, दमलेला असेल, पहिला चहा दुसऱ्या कुणी केला तर? कुणी तरी केलाच असता हो! चहाच तो. पण ती थांबली. नव्यासाठी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. बाहेर आली तेव्हा दुपार टळून गेली होती.

घरी सिरिल बूट काढून बसला होता.

"सिरिल, अरे, काय सांगू..."

"असू दे, हिल्डा. काम होतं तुझं."

तो तिला 'हिल्डा' म्हणाला. नावानं. तिला तोंडात मारल्यासारखं झालं.

खरं काय झालं ते शेजारच्या आयव्हीनं सांगितलं. ती होती त्या बसमध्ये, केक घेऊन गेली होती. सिरिलनं चढायच्या पायरीजवळच्या जागेवर आपली टोपी ठेवली होती. बस गच्च भरली, लोक उभे राहिले, तरी उचलली नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "राखीव आहे. पंतप्रधानबाई यायच्यात." लोक हसत होते. डेपो आला. सिरिलनं टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि उतरून गेला.

भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो भांडला नाही, कधी टोमणाही मारला नाही. उलट चांगलाच वागायला लागला. "हिल्डा, मीठ दे." "थँक यू, हिल्डा." ती मुद्दाम पांघरूण ओढून घ्यायची, मुद्दाम बटाटे करपवायची. एक शब्द ऐकायला तिचे कान आसुसले होते. तो निमूट करपलेलं खायचा.

मग हिल्डाही निवृत्त झाली. तिच्यासाठीही ओळ उभी राहिली. दारापर्यंत टाळ्या, फुलं. तिला रडू आवरेना. लोकांना वाटलं, घर सुटतंय म्हणून रडतेय.

संध्याकाळी सिरिलनं चहा केला. पहिल्यांदाच.

"कसं झालं?"

"टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

"छान झालं," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. "शेवटच्या दिवशी माणसाला बरं वाटतं."

हिल्डानं फुलं टेबलावर टाकली. ती उठून उभी राहिली आणि त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात त्याच्यासमोर टाळ्या वाजवायला लागली. एकटीच. थांबेचना.

सिरिलनं तिचे दोन्ही हात धरून हळूच खाली घेतले.

"बस केव्हाच डेपोत गेली, हिल्डा," तो म्हणाला. "चहा घे, निवतोय."