दोन जावा, एक दुर्बीण

चष्म्याच्या दुकानामागे एक लांबट खोली आहे. तिथे खिडकीखालच्या टेबलावर भिंगकाकू बावीस वर्षं काचा घासतात. काच आली की यंत्राखाली धरून तिचा मध्य काढायचा, शाईचे तीन ठिपके एका ओळीत उमटवायचे आणि फ्रेमच्या मापाने कड घासायची. चाकावर सतत पाणी पडत असतं आणि काचेचा पांढरा चिखल कोपरापर्यंत उडतो. शेवटची तपासणी मात्र यंत्रावर नाही. समोरच्या भिंतीवर एक उभी काळी रेघ आखलेली आहे. तयार चष्मा हातात धरून त्यातून रेघ पाहायची. रेघ सलग दिसली तर काच बरोबर, तुटून बाजूला सरकली तर चूक. चुकलेली काच या टेबलावरून कधी पुढे गेली नाही, असं दुकानाचे मालक सांगतात. आणि मालक कौतुकाच्या बाबतीत चिक्कू माणूस आहेत.

शनिवारी संध्याकाळी काकू राहत्या इमारतीच्या गच्चीवर मुलांना आकाश दाखवत. हे अकरा वर्षं चाललं. इमारतीतली आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतली आठ ते बारा वयाची मुलं येत. एका वेळी चौदा-पंधरा. त्यांना भिंगकाकू हे नाव त्या मुलांनीच दिलं.

त्यांचे नियम कडक होते. पहिले तीन महिने नुसते डोळे. हात सरळ पुढे करून मूठ वळायची. एक मूठ म्हणजे दहा अंश. ध्रुव क्षितिजापासून किती मुठींवर आहे, व्याधापासून काक्षी किती मुठींवर आहे, हे प्रत्येकाने मोजून वहीत लिहायचं. तीन महिने टिकलेल्यालाच काकूंची जुनी, एका बाजूने पोचे आलेली द्विनेत्री दुर्बीण हातात मिळे, आणि तीही गळ्यात पट्टा अडकवूनच.

"आधी डोळे, मग भिंग," काकू म्हणत. "डोळ्याला जे सापडत नाही ते भिंगाला दाखवायचं कसं?"

मुलं कंटाळत, आपसात चिमटे काढत, पण येत. कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. हे काकूंना फार उशिरा कळलं.

काकूंची धाकटी जाऊ दोन मजले खाली राहते. ती सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात काम करते. दोन हिवाळ्यांपूर्वी ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आली आणि मुलांच्या मागे उभी राहिली. पुढचे तीन शनिवार ती आली, मग पाहुणे आले, मग सर्दी झाली, मग येणं थांबलं. जावांचं तसं वाकडं नव्हतं. वाटीला वाटी परत जात होती.

गेल्या वर्षी वाचनालयाला कुणीतरी एक दुर्बीण भेट दिली. साधी नाही, मोटारवाली. तिला एक ओळखीचा तारा दाखवायचा, बटणं दाबून त्याचं नाव सांगायचं, की पुढे काहीही मागा, ती गुरगुरत वळते आणि शोधून देते. वाचनालयाने ती धाकटीच्या स्वाधीन केली, कारण बालविभाग तिचा आणि वरच्या गच्चीची किल्लीही तिच्याकडे. वार ठरला शनिवार.

"मुद्दाम शनिवार," काकू नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं, पोरांना रविवारी सुट्टी असते म्हणून शनिवार."

"मलाही तेच सुचलं होतं. अकरा वर्षांपूर्वी."

गच्चीवरची मुलं चौदाची नऊ झाली, नवाची सहा. काकूंनी थंडीला दोष दिला. मग परीक्षांना. मग सहाची तीन झाली तेव्हा दोष द्यायला काही उरलं नाही. राहिलेल्या तिघांत एक त्यांची स्वतःची दहा वर्षांची मुलगी होती. घरात तिला बारकी म्हणतात.

एका शनिवारी काकूंनी न वाचलेलं पुस्तक परत करण्याचं निमित्त काढलं आणि वाचनालयात गेल्या. गच्चीच्या जिन्यात लहान चपलांचे जोड पडले होते. एकतीस. वरून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धाकटीचा: "डोळ्याला सापडत नाही ते भिंगाला दाखवायचं कसं, सांगा बरं?"

त्या घरी आल्या त्या पाय आपटतच.

"माझं वाक्य चोरलं तिनं."

"वाक्यावर तुझं नाव घातलं होतंस का?" नवरा म्हणाला.

"जेमतेम चार शनिवार आली आणि काकू झाली! मुलं काय म्हणतात तिला, ठाऊक आहे? दुर्बीणकाकू."

"आणि तुला भिंगकाकू. एकाच दुकानातला माल." नवऱ्याने एवढं बोलून वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. शहाणा माणूस.

काकूंना त्या दुर्बिणीचा हेवा नव्हता. तिच्यातली काच त्यांनी एकदा पाहिली होती आणि मनातल्या मनात तिला बरे गुण दिले होते. त्यांना हेवा होता तो पोरांच्या धावण्याचा. त्यांच्या गच्चीवर मुलं चालत येत. वाचनालयाचा जिना ती धावत चढत.

जानेवारीत वाचनालयाने पालकांना बोलावलं. मुलांनी आई-वडिलांना आकाश दाखवायचं, असा बेत होता. बारकीने हट्ट धरला. "तू नाही आलीस तर मी एकटी जाईन," ती म्हणाली. एकटी जाण्यापेक्षा आपल्यासोबत गेलेली बरी, असा विचार करून काकू निघाल्या. अंगावर चांगली शाल घेतली. हरायला जाताना माणूस नीटनेटकं जातं.

पावणेसात वाजले होते. आकाशात अजून उजेडाचा अंश होता आणि मोजकेच तारे उमटले होते. गच्चीवर तीसेक मुलं, तेवढेच पालक आणि कार्यकारिणीचे दोन सभासद. धाकटी दुर्बिणीपाशी उभी होती. तिने पूर्वेकडे पाहिलं. तिथे पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या डाव्या काठाशी एक तांबूस तारा नुकताच ठळक झाला होता. धाकटीने दुर्बीण त्यावर लावली, बटणं दाबली आणि मोठ्याने म्हणाली, "ही आपली रोहिणी. आता दुर्बिणीला सगळं आकाश समजलं."

ती रोहिणी नव्हती. रोहिणी बरीच वर होती. टाकीजवळची ती काक्षी. मृगातला तांबूस तारा. मृगाचे बाकीचे तारे दिसले असते तर पोरानेही चूक पकडली असती, पण ते टाकीआड होते. काकूंना हे दुर्बीण वळली त्याच क्षणी कळलं. एका ताऱ्याला दुसऱ्याचं नाव दिलं होतं. आता ती दुर्बीण संध्याकाळभर, न चुकता, चुकीच्या जागी जाणार होती.

काकूंनी शाल सारखी केली आणि गप्प राहिल्या.

धाकटीने कृत्तिका मागितल्या. दुर्बीण वळली आणि एका रिकाम्याशा तुकड्यावर थांबली. पहिला मुलगा पुढे झाला. आत चार-पाच विखुरलेले ठिपके असणार. त्याने डोळा लावला, थोडा वेळ लावून ठेवला आणि मागच्यांची चुळबुळ ऐकून म्हणाला, "दिसल्या!"

मग सगळ्यांनाच दिसू लागल्या. रांगेत इतका वेळ उभं राहून काही दिसलं नाही असं कोण म्हणेल?

"केवढा सुंदर गुच्छ आहे," एक आई म्हणाली.

"मला तर आठ दिसल्या," कार्यकारिणीचे सभासद म्हणाले. "लोक सहा-सात म्हणतात. नजर हवी."

काकूंना हसू आलं. कित्येक महिन्यांत आलं नव्हतं इतकं मोकळं हसू. ते त्यांनी शालीत दाबलं. एकेक मूल पुढे होत होतं, भलतंच काहीतरी पाहून खूश होऊन बाजूला होत होतं, आणि काकू मनात मोजत होत्या: बारा, तेरा, चौदा.

पंधरावी बारकी होती. तिने डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. मग रांग सोडून आईकडे आली.

"आई, या कृत्तिका आहेत?"

प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर त्या गच्चीवर एकाच माणसाला माहीत होतं.

"मला काय विचारतेस," काकू म्हणाल्या. "तुझ्या काकूला विचार."

बारकीने आईकडे क्षणभर पाहिलं. मग ती दुर्बिणीच्या बाजूला जाऊन उभी राहिली, नळीचं तोंड कुठे आहे ते पाहिलं, डोळे वर करून खऱ्या कृत्तिका शोधल्या आणि हात सरळ करून मुठी लावल्या. दोन. मग टाकीच्या काठापासून वर रोहिणीपर्यंत लावल्या. तिथेही दोन. ती धाकटीच्या कानाशी गेली आणि हळूच काहीतरी बोलली. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

धाकटीचा चेहरा पडला. काकूंनी तो पडताना पाहिला. याचीच वाट पाहत होत्या त्या. पण पुढचं त्यांच्या अपेक्षेत नव्हतं. धाकटीने टाळी वाजवली.

"ऐका! आतापर्यंत तुम्ही पाहिल्यात त्या कृत्तिका नव्हेत. मी दुर्बिणीला चुकीचा तारा सांगितला. हिने पकडलं, मुठींनी मोजून. सगळ्यांनी पुन्हा रांग लावा."

पोरांनी एकच गिल्ला केला. चूक पकडली गेल्याचा आनंद त्यांना कृत्तिकांपेक्षा जास्त झाला. आठ पाहिलेले सभासद खोकत खाली चहा सांगायला गेले. मग धाकटीने सगळ्यांदेखत हाक मारली, "ताई, रोहिणी कुठली, जरा दाखवता?"

काकूंना बोट वर करावंच लागलं.

परतताना तिघी चालत निघाल्या.

"तुम्हाला कधी कळलं?" धाकटीने विचारलं.

"लावलीस तेव्हाच."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"तुझी दुर्बीण, तुझा कार्यक्रम. मी मधे कशाला नाक खुपसू?"

"ताई, टाकीच्या डावीकडची तांबूस ती रोहिणी, हे मला तुम्हीच शिकवलंत. माझ्या वहीत आहे."

"आपल्या टाकीच्या, अगं! आपल्या गच्चीवरच्या. तेही त्या महिन्यात, त्या वेळेला. टाकी काय आकाशाला बांधलेली असते?"

"हे तुम्ही पाचव्या शनिवारी सांगितलं असणार."

"पाचव्याच सांगितलं."

धाकटी फसकन हसली. काकू हसल्या नाहीत. त्या स्वतःचीच रीत आठवत होत्या. मुलांना पटकन कळावं म्हणून टाकीची, विजेच्या खांबाची, समोरच्या सज्जाची खूण द्यायची, आणि खुणा सरकतात हे पुढे कधीतरी सांगायचं. चार शनिवारांत गळणाऱ्याच्या हाती नुसती टाकी राहायची. अकरा वर्षांत अशी किती मुलं गळली, त्याचा अंदाज त्यांनी करून पाहिला आणि सोडून दिला.

घरी आल्यावर बारकी म्हणाली, "तू खोटं बोललीस."

"खोटं कुठे बोलले? काकूला विचार म्हटलं."

"तेच. तू दुकानात वाकडी काच कुणाला देतेस?"

पुढच्या शनिवारी काकू नेहमीप्रमाणे साडेसहाला गच्चीवर गेल्या. राहिलेल्या तिघांपैकी दोघं बारकीमागून वाचनालयात गेली होती, आणि बारकी तर दुपारपासूनच धाकटीकडे होती. पावणेसातपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग द्विनेत्री गळ्यात अडकवून त्या खाली उतरल्या आणि वाचनालयाकडे चालू लागल्या.

गच्चीवर त्यांनी आधी दुर्बीण पाहिली. धाकटीने या वेळी टाकीकडे पाहिलंच नव्हतं. कृत्तिकांपासून मुठी मोजून रोहिणी गाठली होती. दुर्दैवाने, अगदी बरोबर. म्हणजे त्यासाठीही काकूंची गरज उरली नव्हती.

"मला पहिली पंधरा मिनिटं दे," काकू म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी वाटेत चार वेळा वेगवेगळं बांधलं होतं. तोंडातून निघालं ते हे. "नुसत्या डोळ्यांची. त्यानंतर तुझी दुर्बीण."

धाकटीने लगेच हो म्हटलं नाही. "पंधरा मिनिटं पोरं थांबत नाहीत हो. दहा घ्या."

"दहात एक नक्षत्रही होत नाही."

"बरं, बारा. पण टाकी नाही, खांब नाही. ताऱ्यावरून तारा."

ही अट घालायचा तिला काय अधिकार, असं काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. "बारा," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर शनिवारी हेच चालतं. बारा मिनिटं काकूंची. मुलं मान वर करून उभी राहतात, मुठी लावतात, आणि धाकटीने दुर्बिणीवरची चादर ओढली की काकूंचं वाक्य अर्ध्यावर सोडून धावतात. उरलेला तासभर काकू कठड्यापाशी उभ्या राहून त्या पाठी पाहतात. सवय झाली का, असं दुकानाच्या मालकांनी एकदा विचारलं. "काट्याची सवय होते का?" काकू म्हणाल्या आणि चाक सुरू केलं.

परवा एक नवी मुलगी आली. सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. तिने काकूंच्या शालीचं टोक ओढलं.

"तुम्ही दुर्बीणकाकूंच्या मदतनीस ना?"

शेजारी बारकी उभी होती. आई काय म्हणते याकडे तिचे कान होते.

"हो," काकू म्हणाल्या.

त्याच वेळी धाकटीचा आवाज आला, "ताई, बारा मिनिटं झाली!"

"झालीच," काकू म्हणाल्या, आणि नव्या मुलीचा खांदा धरून तिला उत्तरेकडे वळवत सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात शर्मिष्ठेचे पाच तारे पहिल्यापासून सांगायला लागल्या.