मधल्या आवाजाचे दोन डबे

आरमोरीत तेव्हा घरी होम थिएटर असणारी मंडळी बोटावर मोजण्याइतकी होती, आणि त्यात दोन सेंटर स्पीकर असलेलं घर एकच. ते आमचं. ते सगळं मी माझ्या हातानं बांधलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझी एक चूक येणार आहे आणि ती वाचून कुणी मला नवशिकी समजू नये.

मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात एकटी मुलगी होते. पुढे बसस्टँडच्या रस्त्यावर दुरुस्तीचं दुकान टाकलं. बंद पडलेला टेप घेऊन आलेला माणूस माझ्याकडे पाहायचा, मग माझ्या मागे पाहायचा आणि विचारायचा, "दुरुस्तीवाला कुठी गेला?" मी त्याच्या हातातला टेप ओढून घ्यायची आणि स्क्रू काढायला लागायची. स्वभाव तेव्हाही असाच होता.

बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. आमच्याकडे धानाची कापणी झाली की गावोगाव नाटकं लागतात. नट आज या गावात, उद्या त्या गावात. तालमीला वेळ कुणाला? काही नटांना तर कोणाचं काम करायचं ते गाडीतून उतरल्यावर कळायचं. म्हणून आमच्या नाटकात प्रॉम्प्टर दोन. एक या विंगेत, एक त्या विंगेत. नट तोंड कुठेही वळवो, वाक्य त्याच्या कानात पडलंच पाहिजे, आणि दोघांचं वाक्य एकाच वेळी पडलं पाहिजे. बाबा वीस वर्षं एकाच विंगेत बसले. तबला आणि ऑर्गन त्याच बाजूला असायचे.

मग एका हंगामात दोनदा घोटाळा झाला. नट काय बोलला ते बाबांना ऐकू आलं नाही, पुढचं वाक्य उशिरा गेलं, आणि एक नायक भर रंगात गप्प उभा राहिला. पुढच्या हंगामासाठी वडशाच्या नाटक कंपनीकडून बोलावणं आलं नाही. "त्याईचे कान गेले," एवढंच बाजारात पसरलं. माझा मोठा भाऊ घुग्घुसला खाणीत कामाला होता. तो सुटीवर आला की मोठ्या आवाजात म्हणायचा, "बाबा, आता बस झालं. घरी आराम करा." बाबा मान हलवायचे. हळूहळू त्यांनी आमच्यात बसणंच सोडलं. टीव्ही लागला की ते पडवीत जाऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "मले झोप येऊन राह्यली." झोपत मात्र नसायचे. मला ते बघवत नव्हतं.

माझं म्हणणं वेगळं होतं. बाबांचे कान पूर्ण गेले असते तर त्यांना दारातली सायकलची घंटा कशी ऐकू आली असती? कानांआधी मला माझ्या स्पीकरवरच संशय होता.

होम थिएटरमध्ये बोलणं येतं ते मधल्या स्पीकरमधून. तोच सेंटर. गाणी, फटाके, पाऊस बाकीच्यांतून. आमचा सेंटर टीव्हीच्या खाली होता. रविवारी दुपारी अर्धी गल्ली आमच्याकडे सिनेमा पाहायला यायची आणि खाली सतरंजीवर बसायची. बाबांचे गुडघे दुखायचे म्हणून त्यांची खुर्ची सगळ्यात मागे, भिंतीला टेकून. खालच्या डब्यातून निघालेला आवाज पुढच्यांच्या डोक्यांत आणि अंबाड्यांत अडकायचा. बाबांपर्यंत नुसते फटाके पोचायचे.

मी तो डबा उचलून टीव्हीच्या वर भिंतीवर फळी ठोकून ठेवला. आता आवाज मागेपर्यंत गेला, पण तो छतातून आल्यासारखा वाटायचा. भावासोबत सुटीत आलेली वहिनी म्हणाली, "हे तं आकाशवाणीच झाली." सगळे हसले, मीही हसले, पण तीन दिवस माझं दुकानात लक्ष नव्हतं. मग सुचलं. एक वर, एक खाली. दोन्हीकडून एकच बोलणं आलं की ते मधून येणार, म्हणजे पडद्यावरच्या माणसाच्या तोंडातून.

दुसरा स्पीकर आणायला मी नागपूरला गेले. दुकानदार ऐकून हसला. "मॅडम, सेंटर एक ही रहता है. दो लगाओगे तो डायलॉग आपस में कट जाएगा." मी म्हटलं, "आप सिर्फ स्पीकर दो." जुन्या डब्याच्या मापाचा सागवानी डबा सुताराकडून करून घेतला. अॅम्पवर भार पडू नये म्हणून दोन्ही स्पीकर तारेनं एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडले. हे त्या दुकानदारानं सांगितलं नव्हतं, माझं मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी भाऊ-वहिनी आले होते. दुपारी तीनला लोडशेडिंग, म्हणून जेवणं लवकर उरकली. मी बाबांना पडवीतून आणून खुर्चीत बसवलं. सिनेमा लागला. पुढची मंडळी सरसावून बसली. "मस्त हाय," भाऊ म्हणाला. मी बाबांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे नाही, जमिनीकडे पाहत होते.

"गाणं येऊन राह्यलं," ते म्हणाले. "बोलणं कुठी गेलं?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. "पाहिलं? मी काय म्हणत होतो?"

माझं डोकं सणकलं. भावाचा राग आला, आणि खरं सांगते, बाबांचाही आला. मी सगळ्यांसमोर ओरडले, "साऱ्या गल्लीले ऐकू येऊन राह्यलं, तुम्हालेच काऊन येत नाई?" शब्द तोंडातून गेले आणि मला माझीच लाज वाटली.

बाबा रागावले नाहीत. खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि म्हणाले, "येते बाई, आवाज येते. पण ते दोघं भांडून राह्यले. एक पुढं ढकलते, दुसरा मागं ओढते. दोन प्रॉम्प्टरचं जमलं नाई तं असंच होते. नट मधात उभा राह्यते अन् त्याले काहीच भेटत नाई." एवढं बोलून ते पडवीत गेले.

मी तरातरा जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले. म्हटलं, यांचं म्हणणं एकदा खोटं ठरवून टाकावं. बसले आणि गार पडले. पडद्यावरची बाई तोंड हलवत होती, आणि तिचा आवाज पोकळ, पातळ, विहिरीत बोलल्यासारखा. खुर्चीतून खाली सतरंजीवर आले, आवाज आला. परत खुर्चीत बसले, गेला. इतके दिवस मी सगळं टीव्हीजवळ मांडी घालून तपासलं होतं. ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्या जागेवर एकदाही बसले नव्हते.

काय झालं ते माझ्या लगेच ध्यानात आलं. एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात होता. बाबांची खुर्ची दोन्ही डब्यांपासून बरोबर सारख्या अंतरावर. तिथे पोचेपर्यंत दोघांनी एकमेकांना खाऊन टाकलेलं असायचं. पुढचे लोक खालच्या डब्याजवळ, त्यांना त्याचंच ऐकू यायचं.

पण मी लाल तारेला लाल जोडली होती. दोनदा पाहिलं होतं. फळीवरून येणारी तार हातानं चाचपत खाली आले आणि मध्येच बोटाला चिकटपट्टी लागली. ती तार मी नाटक कंपनीच्या जुन्या भेंडोळ्यातून घेतली होती. मंडपवाले भोंग्याची तार तुटली की हाती येईल त्या टोकाला टोक पिळतात. एक भोंगा शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, कुणाचं काय बिघडतं? पट्टी सोलली. आत लालला काळी, काळीला लाल. घरी आणलेल्या तारेचे सांधे तपासायचे, हे मी दुकानात दुसऱ्यांना शिकवत असे!

तीनला दहा मिनिटं होती. सांधा तोडला, सरळ जोडला आणि पडवीत गेले. "चला बाबा."

"राहू दे आता."

"चला म्हणते ना." मी त्यांचा हात धरून ओढतच आणलं.

दोन भावांच्या भांडणाचा लांबलचक प्रवेश चालू होता. बाबा डोळे मिटून ऐकत बसले. थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला. "थांबव." मी थांबवलं. आणि बाबांनी त्या दोघांचं भांडण सुरुवातीपासून म्हणून दाखवलं, खालच्या आवाजात, श्वासासकट, जिथे नट थांबला होता तिथे थांबून.

"एक चुकलं," भाऊ म्हणाला. "तो 'मी गेलो' म्हणते. तुम्ही 'गेलो असतो' म्हटलं."

"मांगं घे," बाबा मला म्हणाले.

मागे घेतलं. पडद्यावरचा माणूस स्पष्ट म्हणाला, "मी गेलो असतो." भाऊ कान खाजवत हसायला लागला. तेवढ्यात लाइट गेली, पण कुणी उठलं नाही. वहिनीनं चहा ठेवला. पहिला कप मी बाबांच्या हातात दिला.

त्यानंतर बाबांनी स्वतःच एकेक कान हातानं झाकून पाहिला. उजवा खरंच मंद झाला होता, जुन्या विंगेत तबल्याकडे आणि नटाकडे असायचा तोच. डावा शाबूत होता. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून ते एकटेच वडशाला गेले आणि कंपनीच्या मालकाला म्हणाले, "मले दुसऱ्या विंगेत बसवा. चांगला कान नटाकडे राहीन." मालकानं त्या विंगेत बसवून एक अंक म्हणवून पाहिला आणि त्यांना ठेवून घेतलं.

थंडीत त्यांच्या पहिल्या नाटकाला मी गेले. दुसऱ्या अंकात नायक अडकला. मंडपात चुळबुळ सुरू झाली. त्यानं मान हळूच बाबांच्या विंगेकडे वळवली, क्षणभर थांबला, आणि पानभर भाषण न अडखळता ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेली बाई मला म्हणाली, "किती पाठ हाय व त्याले!"

मी म्हटलं, "त्याले नाई. माह्या बाबाले पाठ हाय."