दाजी कोचीला उतरले

आमच्या दाजींइतका समुद्रावर राग धरलेला माणूस साऱ्या दुष्काळी मुलखात शोधून सापडणार नाही. किनाऱ्यावरच्या माणसांचं समजू शकतं; समुद्राने त्यांचं काही ना काही नेलेलं असतं. पण घोडेगावात जन्मलेल्या, भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेल्या आणि बोअरला पाणी लागलं की गल्लीभर पेढे वाटणाऱ्या माणसाचं समुद्राशी वैर असायचं कारणच काय, असं कुणालाही वाटेल. दाजी म्हणजे माझे थोरले साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. त्यांच्या घरात मासा आला तर तो मुळा धरणाचाच. खाऱ्या पाण्यातला मासा दारावरूनच परत जायचा. टीव्हीवर हवामानाच्या बातम्यांत अरबी समुद्र दिसला की ते रिमोट शोधू लागत. पोरं लहान असताना एका सुट्टीत अलिबागला जायचं म्हणून हटून बसली, तेव्हा दाजींनी सगळ्यांना टेम्पोत घालून मुळा धरणावर नेलं, काठाशी उभं केलं आणि म्हणाले, "ह्यो बघा समुद्र. पल्याडचा काठ दिसतो का? न्हाई ना? मंग झालं. मीठ घरी गेल्यावर टाकू."

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात लहानपण गेल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ते बैल पारखावा तशी पारखतात. फ्रीज घेताना त्यांनी दुकानात त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप मारली आणि खाली वाकून पायही पाहिले. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा खरं तर पाहिलं गेलं ते मलाच. दाजी तेव्हा त्या घरचे नवे जावई, पण मोठेपणाने कोपऱ्यात बसले होते. माझं शिक्षण, नोकरी, आमच्या चर्चचे पाळक कोण, हे सगळं विचारून झाल्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, जरा दारापतूर चालून दाखवा." मी चाललो. बायको अजून सांगते, की तिने होकार दिला तो माझ्या चालीवर नव्हे, तर मी निमूटपणे चाललो त्यावर.

असा हा माणूस. हट्टी, पण आतून मऊ. कुणाच्या घरी मयत-माती असली की खड्डा खणणाऱ्यांसाठी चहाची किटली घेऊन पहिले पोचणारे दाजीच. आणि त्यांचं सगळं दुखणं अशाच एका मातीचं होतं.

दाजींना एक धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा दाजींनीच त्याला वाढवला. त्याला यंत्रांची आवड, म्हणून आयटीआयला घातला. पण तो मालवाहू जहाजांवर इंजिनातली कामं करायला निघून गेला आणि पुढे कोचीला तिथल्याच एका मुलीशी लग्न करून राहिला. इथवर सगळं ठीक होतं. मग घोडेगावात आई वारली. दाजींनी भावाच्या जहाज कंपनीत निरोप धाडला आणि आईला दोन दिवस ठेवलं. बर्फाच्या लाद्या आणून आणून ठेवलं. गावातली माणसं समजावत होती, पाळक समजावत होते, दाजी रस्त्याकडे बघत बसले होते. भाऊ आला नाही. तो आला महिन्याने, बॅग घेऊन, भिंगारच्या घराच्या फाटकाशी. दाजी आतूनच म्हणाले, "मातीला आला न्हाईस. आता दाराला बी येऊ नगंस." आक्का मध्ये पडायच्या आत तो वळून गेलाही होता.

त्यानंतर त्या घरात भावाचं नाव कुणी काढलं नाही. आक्का मात्र कोचीच्या जावेशी फोनवर बोलत राहिल्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला मल्याळम. मोडक्या हिंदीत दोघी मुलांची दुखणी आणि भाज्यांचे भाव सांगायच्या. दाजींना हे माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे आक्कांनाही माहीत होतं. फोन वाजला की दाजी चप्पल घालून उगाच चक्कर मारून यायचे, म्हणजे तिला मोकळं बोलता यावं.

मागच्या डिसेंबरात त्यांच्या पुण्याच्या मुलीने आईबापांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी जहाजाच्या सहलीची तिकिटं काढली. सोबतीला आम्ही दोघं. मुंबईहून निघायचं, गोवा बघायचा, पुढे कोची, आणि परत. ती घाबरत घाबरतच सांगायला आली होती. आता दाजी उसळणार म्हणून आम्ही सगळे खाली माना घालून बसलो. दाजींनी एवढंच विचारलं, "कोचीला किती येळ थांबतं?" सकाळपासून दुपारपर्यंत, ती म्हणाली. "बरं," म्हणाले, आणि उठून झाडांना पाणी घालायला गेले. आक्का स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली.

मुंबईच्या धक्क्यावर ते पांढरं, मजल्यांवर मजले असलेलं जहाज पाहून दाजी बराच वेळ मान वर करून उभे राहिले. "लई थोराड हाय," ते म्हणाले. "चाल कशी हाय ते बघू." सुटण्याआधी सगळ्यांना जीवरक्षक जाकीट घालायला शिकवलं, ते दाजींनी घातलं आणि काढलंच नाही. त्याच भगव्या जाकिटात ते जेवायला आले. तिथल्या एका बाईंनी आता काढायला हरकत नाही असं नम्रपणे सांगितलं, तर म्हणाले, "बाई, संकट काय घंटी वाजवून येनार हाय व्हय?" जेवणाचे इतके प्रकार मांडलेले पाहून त्यांनी वरणभात घेतला आणि माणसं ताटात टाकून उठतात म्हणून दुःखी होऊन बसले. आणि बसले तेही समुद्राकडे पाठ करून. सारी माणसं काचेला नाक लावून मावळता सूर्य बघत होती, आणि आमचे दाजी लिफ्टकडे तोंड करून कोण वर जातं, कोण खाली येतं ते पाहत होते.

गोव्यात उतरून आम्ही जुन्या शहरातली मोठी चर्च पाहिली. नदीच्या काठाला एकेकाळी दूरदेशीची गलबतं लागायची, त्या पैशावर उठलेलं ते सगळं वैभव. आम्ही मिशनच्या साध्या, कौलारू चर्चमध्ये वाढलेली माणसं. सोन्याने मढवलेली ती वेदी पाहून दाजी हळूच म्हणाले, "पाव्हणं, एवढं चकाकल्यावर प्रार्थनेत ध्यान कसं लागायचं?" पण बाहेर पडताना मागे वळून पाहिलं तर ते एका बाकावर डोळे मिटून बसले होते. त्यांचं ध्यान चांगलंच लागलेलं दिसत होतं.

गोवा सोडल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, किनारा दिसेनासा झाला. निघताना मुलीच्या लेकराला ताप होता, म्हणून दाजींनी फोन लावला. लागेना. त्यांनी फोन खिडकीशी धरला, वरच्या मजल्यावर नेला, हात उंच करून धरला. काही नाही. जहाजावरचं इंटरनेट त्यांनी आधी तत्त्वासाठी नाकारलं होतं. आता घ्यायला गेले तर त्या पट्ट्यात तेही बंद पडलं होतं. माझा फोन पाहिला, बायकोचा पाहिला. भगवं जाकीट घातलेला तो म्हातारा माणूस सगळ्या जहाजभर फोन धरून फिरत होता आणि आजूबाजूची मंडळी गालात हसत होती. मला मात्र हसू येईना, कारण त्यांच्या कपाळावर घाम होता.

आमच्या खोल्यांची देखभाल करणारा माणूस देवगडकडचा, चांगला पन्नाशीचा. दाजींनी त्यालाच गाठलं. "येवढं सगळं जहाज, आन् घरला एक फोन लागत न्हाई?"

"संध्याकाळी किनारा जवळ आला की लागेल, काका."

"आन् तवर घरी कोन मेलं-जगलं तर?"

तो उशीचा अभ्रा घालता घालता थांबला. "माझे वडील गेले तेव्हा मी मालाच्या जहाजावर होतो, काका. निरोप मिळाला तेव्हा चहूकडे नुसतं पाणी. कप्तानाने खांद्यावर हात ठेवला, एवढंच. जहाज वळवता येत नाही. मी खाली गेलो आणि माझी पाळी केली. दुसरं काय करणार?"

"आन् घरचे काय म्हनले?"

"अजून म्हणतात," तो म्हणाला, आणि अभ्रा नीट करून बाहेर गेला.

दाजी पलंगाच्या कडेला बसून राहिले. बऱ्याच वेळाने उठले, बाहेर आले, आणि पहिल्यांदाच कठड्याशी येऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. कुठेही बघावं तर पाणीच होतं. मी शेजारी जाऊन थांबलो. ते मला म्हणाले नाहीत, समुद्रालाच म्हणाल्यासारखं म्हणाले, "हितनं कसा येनार हुता त्यो?" संध्याकाळी फोन लागला. लेकराचा ताप उतरला होता. दाजींनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला आणि जाकीट काढून घडी करून ठेवलं.

कोचीला सकाळी जहाज लागलं. खाडीच्या तोंडाशी मासे धरायची ती उंच, वाकलेली चिनी जाळी पाण्यात बुडत होती आणि वर येत होती. पलीकडे मसाल्यांच्या जुन्या वखारी, मिऱ्यांचा आणि सुंठीचा वास. लोक फोटो काढत होते. आमची टॅक्सी त्या सगळ्यातून निघून नारळांच्या एका गल्लीत शिरली. आक्कांनी आधीच कळवलेलं होतं. फाटकाशी त्यांची जाऊ उभी होती, तिकडच्या सोनेरी काठाच्या पांढऱ्या साडीतली, किडकिडीत. दोघी आयुष्यात पहिल्यांदा भेटत होत्या, तरी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की आम्ही बाजूला झालो. दाजी मात्र फाटकाबाहेरच थांबले.

ओसरीवरून भाऊ काठी टेकत आला. हृदयाच्या दुखण्याने खंगलेला. फाटकाच्या आत तो, बाहेर दाजी.

"दादा," तो म्हणाला, "आत ये की. म्या काय तुला न्हाई म्हननार हाय व्हय?"

दाजी आत गेले. भावाच्या खांद्यावर, दंडावर हात फिरवून बघितला. "लई वाळलास," म्हणाले, आणि त्याचा दंड धरून ओसरीकडे चालू लागले.

ओसरीवर आम्ही बसलो. मला नवल वाटत होतं ते भावाच्या बोलण्याचं. एवढी वर्षं मराठी बोलायला कुणी नसल्याने त्याची भाषा घोडेगाव सोडलं तेव्हाची तशीच राहिली होती. दाजींपेक्षाही जुनी, आईच्या तोंडची. त्याने सगळं सांगितलं. निरोप मिळाला तेव्हा जहाज कुठे होतं, बंदराला कधी लागलं, मुंबईला कसा पोचला. दाजी समोरच्याला कधी वाक्य पुरं करू देत नाहीत, पण त्या दिवशी एकदाही मध्ये बोलले नाहीत. भाऊ थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "आन् मी हाकलल्यावर?"

"घोडेगावला गेल्तो."

"कशाला?"

"आईकडं. पर कबर कंची, ते कळंना. तवा दगड लावल्याला नव्हता ना? नुसत्या मातीच्या ढिगुळ्या. कुनाला इचारू? भावानं हाकलला म्हनून सांगू?" त्याने काठी बाजूला ठेवली. "मंग जेवढ्या नव्या दिसल्या तेवढ्या समद्यांला हात लावला, आन् परत फिरलो."

आतून मोहरीच्या फोडणीचा वास येत होता.

"चिंचंच्या झाडाखाली," दाजी म्हणाले. "भितीकडनं तिसरी. मी दावतो तुला. तू ये. मी सोता दावतो."

जावेने केळीच्या पानावर वाढलं. नारळाच्या रसातला समुद्राचा मासा होता. आक्कांनी घाबरून दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान खाली घालून, काटे बाजूला ठेवत, सगळा मासा खाल्ला. आणखी घ्या म्हणून जावेने खुणेने विचारलं, तेव्हा पान पुढे केलं. परतीच्या प्रवासात ते रोज सकाळी कठड्याशी खुर्ची टाकून बसत. काय बघता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई. बघायचं राह्यलं हुतं."

भाऊ होळीच्या आधी आला. डॉक्टर नको म्हणत होते, तरी आला. दाजींनी आठवडाभर आधी घोडेगावला जाऊन कबरीभोवतीचं गवत काढलं होतं आणि दगड स्वतः चुन्याने रंगवला होता. आम्ही सगळे गेलो. भावाला खाली बसता येईना, म्हणून त्याच्यासाठी खुर्ची ठेवली; तरी तो खाली बसलाच, आणि दगडावर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिला. दाजी जवळ गेले नाहीत. भिंतीशी उभे राहून आत घुसणाऱ्या शेळ्यांना हाकलत राहिले. एखादी शेळी ओरडली की तिच्यावरच खेकसायचे, "गप! कळत न्हाई का?"

चार-पाच दिवस राहून भाऊ परत निघाला. कोचीची त्याची रेल्वेगाडी पुण्याहून होती. मुलगी त्याला तिथे भेटणार होती. माळीवाड्याच्या स्टँडवर आम्ही त्याला एसटीत बसवलं. खिडकीतून त्याने हात बाहेर काढला, दाजींनी तो धरला, आणि बस हलली तरी चार पावलं धरूनच चालले. मग सोडला. बस वळून दिसेनाशी झाली. आम्ही रस्ता ओलांडून चहाच्या गाडीशी आलो. चहावाल्याने कप हातात दिले. दाजींनी एक घोट घेतला, पुण्याच्या रस्त्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "पाव्हणं, पोचला असंल का वो त्यो?"

बसने अजून शहराच्या टोकाचं केडगावही ओलांडलं नसेल.

"पोचेल, दाजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, कप तसाच हातात धरला, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.