बिडवईंचा ढोल

रोज सकाळी बिडवई कॉलेजच्या मागच्या अंगणात जाऊन एका लोखंडी ढोलाला हात जोडत. ढोल गॅसचा होता. तापलेल्या भट्टीत रॉकेल थेंबथेंब सोडलं की गॅस व्हायचा आणि पाण्याच्या हौदात पालथ्या घातलेल्या या ढोलात साठायचा. गॅस भरला की ढोल वर यायचा, संपला की खाली बसायचा. रसायनशाळेतले सगळे बर्नर त्याच्यावर चालत. एवढ्या एका ढोलाचे बिडवई इनचार्ज. पण ऐट अशी, जणू सूर्यालाही तेल हेच घालतात.

त्यांचे आजोबा दरबारात मशालींच्या तेलाच्या कोठीवर होते. वाड्यात अंधार राहिला तरी चालेल, कोठी भरलेली दिसली पाहिजे, ही आजोबांची शिकवण ते अभिमानानं सांगत. मुलांनी बर्नर पेटवला की यांच्या पोटात दुखायचं. "अरे भिया, ग्यास म्हणजे काय नर्मदामैया आहे? खतम होऊन गेला तर काय करशील?" असं म्हणून मुख्य नळ बंद. स्वतःचा चहा मात्र दिवसातून चारदा त्याच गॅसवर. मी त्यांच्या हाताखाली हंगामी सहायक. मला कायम करायचं की नाही हे त्यांच्या शेऱ्यावर होतं, म्हणून तो चहा मीही मुकाट्यानं प्यायचो.

मध्य भारताचं सरकार तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला बसे. एका वर्षी कळलं की मे महिन्यात मंत्री आमचं इंदूरचं कॉलेज बघायला येणार. साहेब दारात आले की चोवीस बर्नर एकदम पेटले पाहिजेत, असं बिडवईंनी मनाशी ठरवलं. रॉकेल तेव्हा सियागंजच्या घाऊक बाजारातही मिळेना. म्हणून भरलेला ढोल त्यांनी महिनाभर आधीच राखायला घेतला, आणि मधेच बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा आली.

परीक्षेला लीला होती, परदेशीपुऱ्यातल्या एका मिलमजुराची मुलगी. पास झाली तर मास्तरीण, नाही तर लग्न, हे बापानं आधीच सांगून ठेवलं होतं. बर्नरवरची तिची मूस लाल व्हायला शेवटची दहा मिनिटं उरली आणि ज्योत विझली. बाहेरगावचे परीक्षक बिडवईंच्या खोलीत कचोरी खात होते. "ग्यासच खतम, साहेब. सरकार रॉकेल देत नाही, मी काय करू?" हे बिडवईंचं बोलणं उघड्या दारातून माझ्या कानावर आलं. मी खिडकीशी होतो. बाहेर ढोल गळ्यापर्यंत वर आलेला दिसत होता.

लीलानं हळूच विचारलं, "सर, सच में खतम हो गया क्या?"

"बिडवईजी बोल रहे हैं ना," मी म्हणालो.

ती नापास झाली. वैशाखात लग्न होऊन देवासला गेली.

इकडे ढोल बोटभर खाली आला. ते बिडवईंना बघवेना. त्यांनी तो साखळीनं खांबाला टांगला आणि हौदाकडे फिरकायची सगळ्यांना बंदी केली. उन्हानं हौदातलं पाणी आटत गेलं, ढोलाची कड उघडी पडली, गॅस निघून गेला. ढोल मात्र साखळीला तसाच वर लटकलेला, आणि बिडवई रोज त्या रिकाम्या भांड्याला हात जोडत होते. मंत्री आले. चोवीस बर्नरांवर आम्ही काड्या ओढल्या, बोटं भाजली, एकही पेटला नाही. मंत्री हसून वाचनालय बघायला गेले. "चेक करायचं काम ह्याचं होतं," बिडवईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेही ऐकून घेतलं, आणि जुलैत कायम झालो.

बिडवई वारले तेव्हा स्मशानात लोक त्यांच्या काटकसरीचे गोडवे गात होते. माणूस गेला की त्याचा कद्रूपणासुद्धा गुण होतो. मला त्यांचा तिटकारा होता, आजही आहे. पण त्या दिवशी खिडकीशी ते नव्हते, मी होतो. आणि लीलानं विचारलं होतं ते मला.